व्हर्टेक्सच्या पोटातला भोवरा

प्रिय मित्रा,

तुझ्या अनुवादाची पानं वाचली. भाषा छान वाहती आहे. पण प्रसूतीच्या प्रकरणात ‘व्हर्टेक्स प्रेझेंटेशन’ला तू ‘शिखर-दर्शन’ म्हटलं आहेस, तिथे अडखळलो. शब्दकोशात व्हर्टेक्सपुढे शिखर, कळस, शिरोबिंदू असं लिहिलेलं असतं आणि तू पहिला अर्थ उचललास. इथे मात्र बाळ डोकं खाली, हनुवटी छातीशी घेऊन माथ्याकडून जन्माला येत असतं. तू ज्याला शिखर म्हणतोस, ते त्या वेळी सगळ्यात खाली असतं!

लॅटिनमध्ये ‘वेर्तेरे’ म्हणजे वळणं, फिरवणं. त्यातून आलेल्या ‘वेर्तेक्स’चा मूळ अर्थ पाण्यातला भोवरा. डोक्यावर केस जिथून गोल फिरतात ती जागाही वेर्तेक्स, तारे ज्याभोवती फिरताना दिसतात तो आकाशाचा ध्रुवही वेर्तेक्स. डोंगराचा किंवा घराचा माथा हा अर्थ त्यातूनच पुढे आला. आता आपली मराठी आठव. नदीत भोवरा आणि डोक्यावरही भोवराच! एवढ्या दूरच्या दोन भाषांना एकच गोष्ट दिसली, याचा मला अजूनही फार आनंद होतो. तान्ह्या बाळाचं डोकं जवळून पाहा. टाळूच्या मागे बारीक लव एका बिंदूभोवती वळलेली असते, अगदी पाण्यासारखी.

वादळाच्या संदर्भात येणारा ‘व्हॉर्टेक्स’ हे याच शब्दाचं जुनं रूप. अशा शब्दांतल्या ‘ओ’चा ‘ए’ पहिल्यांदा रोमन सेनापती सिपिओ आफ्रिकानसने केला असं म्हणतात, अशी नोंद क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाने केली आहे. ‘व्हर्टिकल’ही इथलाच, म्हणजे बरोबर माथ्यावरचं.

भूमितीत ‘शिरोबिंदू’ रुळलेला आहे, तो बदलू नकोस. फक्त त्याला उंचीशी बांधू नकोस. घनाच्या ८ शिरोबिंदूंपैकी ४ तळाशीच असतात. वर उघडणाऱ्या अन्वस्ताचा (पॅराबोला या वक्राचा) शिरोबिंदू तर त्याचा सर्वांत खालचा बिंदू, आणि वक्र वळतो तोही तिथेच.

प्रसूतीच्या पानावर सरळ ‘बाळ माथ्याकडून येणे’ असं लिही. वाचणाऱ्या आईला ते लगेच कळेल. पुढच्या प्रकरणात ‘व्हर्टिब्रा’ आणि ‘व्हर्टिगो’ आहेत. मणक्यात आणि घेरीत ते वळणं कुठे लपलंय ते शोध आणि मगच मराठी शब्द ठरव. सुधारलेली पानं पाठव, मी वाट पाहतो आहे.

तुझा,
एक जुना अनुवादक