सीम गळतेय? रोल आवळण्याआधी डबा कापा

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाचं पावसजवळ आमरसाचं छोटं युनिट आहे. हापूसचा पल्प ८५० ग्रॅमच्या डब्यात भरतो. सीमिंग मशीन, म्हणजे झाकणाची आणि डब्याची कड एकत्र दुमडून सीम करणारं यंत्र, जुनं घेतलेलं आहे. डबा हाताने ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, असं. यंदा भरल्यावर आठवड्याभरात काही डबे फुगले, काहींच्या कडेला चिकट रस आला. ओळखीच्या एका फिटरने दुसरा, म्हणजे शेवटी घडी दाबणारा रोल आवळायला सांगितला. आवळला, तरी डबे फुगायचे थांबले नाहीत. उलट आता झाकणाच्या आतल्या वरच्या कडेला नखाला लागेल अशी धार येते. पल्प नीट तापवतो. मग चूक कुठे?

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे तो दुसरा रोल होता तिथे परत आणा. ती धार म्हणजे झाकणाचा पत्रा चकच्या (झाकणात आतून बसणाऱ्या चकतीच्या) ओठावरून वर ढकलला जातोय. तसाच चालवलात तर पत्रा तिथे चिरेल आणि गळतीला दुसरी वाट मिळेल. चकचा ओठ झिजला असेल तरी अशीच धार येते, म्हणून चक काढून उजेडात त्याची कड बघून घ्या.

तुमचा पल्प कच्चा राहिला असता तर एका घाण्यातले बहुतेक सगळे डबे फुगले असते. तुमचे मोजकेच फुगले आणि त्यातल्या काहींना बाहेरून चिकटपणा आहे, म्हणजे मला सीमचाच संशय येतो. गरम भरलेला डबा गार होताना आत निर्वात होतो. सीम ढिली असली की गार करायच्या हौदातलं पाणी तिथून आत ओढलं जातं आणि त्याबरोबर यीस्ट शिरतं. हापूसच्या पल्पचा पीएच ४.६ च्या खाली असतो, म्हणजे तो पुरेसा आंबट असतो, म्हणून काही भयंकर जंतूंपासून आपण वाचतो, पण यीस्टला आंबट-गोड रस मानवतोच. हौदात विहिरीचं पाणी घेत असाल तर त्यात क्लोरीन घालायला आजपासून सुरुवात करा. फुगलेला डबा कुणीही चाखून बघायचा नाही, तो सरळ टाकायचा.

आता मशीनकडे. फिटर मंडळींची एक सवय मला अजिबात पसंत नाही. सीम ढिली दिसली की हात थेट दुसऱ्या रोलकडे जातो. दुसरा रोल फक्त दाबतो. हुक, म्हणजे झाकणाच्या आणि बॉडीच्या एकमेकांत अडकणाऱ्या दुमडलेल्या कडा, घडवायचं काम त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं. लिफ्टर डबा उचलून चकवर घट्ट धरतो. पहिल्या रोलची खाच अरुंद आणि खोल असते, तो झाकणाची कड डब्याच्या फ्लँजखाली (तोंडाच्या बाहेर वळलेल्या कडेखाली) वळवतो. मग दुसऱ्या रोलची उथळ खाच ती घडी चपटी करते. झाकणाचे तीन आणि बॉडीचे दोन, असे पत्र्याचे पाच थर एकमेकांत बसले की झाली डबल सीम. आधीच्या दोन पायऱ्यांत हुक आखूड राहिला असेल तर शेवटच्या रोलने कितीही दाबलं तरी तो वाढत नाही.

म्हणून एक डबा कापा. मधला भाग कॅन ओपनरने काढा, उरलेली पट्टी पकडीने ओढून घ्या, सीमला एका ठिकाणी छेद द्या आणि झाकणाचा हुक हलक्या हाताने खाली ठोकून सोडवा. सीमची उंची आणि जाडी मात्र कापायच्या आधी मोजा. डब्याच्या बाजूचा उभा जोड सोडून तीन ठिकाणी मापं घ्या. सीम मायक्रोमीटर मिळाला तर उत्तम.

समजा बॉडी हुक (डब्याचा) २.० मि.मी. आला, कव्हर हुक (झाकणाचा) १.९ आणि झाकणाचा पत्रा ०.२. बेरीज ४.१. त्यातून सीमची उंची ३.० वजा केली की १.१ मि.मी. राहतात. दोन हुक एकमेकांत एवढे अडकलेत. मी १ मि.मी.च्या खालचा डबा पास करत नाही. तुमच्या डब्याची नेमकी मापं पुरवठादाराकडून लेखी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

बॉडी हुक आखूड असेल तर लिफ्टर बघा. कव्हर हुक आखूड असेल तर पहिला रोल सैल आहे. दोन्ही पुरेसे आहेत, पण कव्हर हुकवर खोल सुरकुत्या आहेत आणि सीम जाड आहे, तेव्हाच दुसऱ्या रोलला हात लावा.

तुमच्याबाबतीत मला लिफ्टरचाच दोष वाटतो. अशा मशीनवर रस ओघळून लिफ्टरच्या दांड्यावर जातो, साखर वाळून दगडासारखी होते आणि दांडा पूर्ण वर येत नाही. त्यात आपली खारी हवा, स्प्रिंग गंजून कमजोर पडते. लिफ्टर काढून गरम पाण्याने धुवा, कोरडा करा, फूड ग्रेड तेल लावा, स्प्रिंग बदला. मग दुसरा रोल बाजूला ठेवून डबा नुसत्या पहिल्या रोलवर फिरवा. झाकणाची वळलेली कड बॉडीला जेमतेम टेकली पाहिजे आणि सीमचा तळ किंचित गोलसर दिसला पाहिजे. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका. एका वेळी एकच बोल्ट फिरवायचा, दर वेळी नवा डबा कापायचा. चार-सहा डबे वाया जातील, जाऊ देत. २०१८ साली आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव लिहिलेला डबा मुंबईत कुणाच्या कपाटात फुगला तर गिऱ्हाईक रोलला नाही, आपल्याला दोष देणार.

भरताना फ्लँजवर आंब्याचा धागा किंवा रस राहिला तर वरचं सगळं करूनही डबा गळेल. एका बाईंना स्वच्छ ओलं फडकं देऊन फक्त तेवढ्याच कामावर बसवा.

प्रश्न : सीम सगळीकडे चांगली आहे, फक्त बाजूच्या जोडाच्या लगेच पुढे बोटभर ढिली लागते. (देवगड)

उत्तर : जोडापाशी पत्रा जाड असतो. तिथे रोल उडतो आणि पुन्हा टेकेपर्यंत तेवढा भाग दाबायचा राहून जातो. वेग कमी करून बघा. तेवढ्याने न भागल्यास रोलच्या आर्मची स्प्रिंग आणि पिनमधला खुळखुळ तपासा.

प्रश्न : आमचं सीमर जूनपासून पुढच्या एप्रिलपर्यंत बंद असतं. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो, तरी रोल गंजतात. (दापोली)

उत्तर : तरी नाही, त्यामुळेच. प्लास्टिकच्या आत दमट हवा कोंडते आणि रात्री लोखंडावर पाणी धरतं. शेवटचा डबा निघाला त्याच दिवशी मशीन गरम पाण्याने धुवा, साखरेचा कण ठेवू नका, पंख्याखाली वाळवा. रोल आणि चक काढून गंजरोधक तेल लावा, तेलकट कागदात गुंडाळून घरात कोरड्या कपाटात ठेवा. स्प्रिंगा सैल करा. उरलेल्या मशीनवर जाड सुती कापड टाका आणि अधूनमधून हाताने दोन फेरे द्या, म्हणजे बेअरिंग एकाच जागी धरत नाहीत.

डबे चपटे करून मागवत असाल तर गठ्ठे भिंतीपासून लांब, लाकडी फळ्यांवर ठेवा. रिफॉर्मरमधून (चपटा डबा पुन्हा गोल करणाऱ्या यंत्रातून) काढल्यावर प्रत्येकाची फ्लँज बोटाने चाचपा. गंजलेली किंवा मुडपलेली फ्लँज असेल तर तो डबा बाजूला काढा. गेल्या वर्षीच्या झाकणांतलं रबर नखाने घासून बघा. सुटत असेल तर तो गठ्ठा वापरू नका. एप्रिलमध्ये पहिले डबे पल्पचे नकोत, गरम पाण्याचे भरा, बंद करा, गार झाले की कापा.