परदेशी कंपनी आली की भागाचं भलं आपोआप होतं का?

तुमच्या तालुक्यात परदेशी कंपनीचा कारखाना येतोय आणि पुण्यासारखं तुमच्याकडेही होईल का, असं तुम्ही विचारलंय. माझं भोसरीत छोटं टूलरूम आहे, वेल्डिंग करताना भाग जागच्या जागी धरून ठेवणारी फिक्श्चर आणि मापं तपासायची गेज बनवतो. कारखाना आला की नोकऱ्या मिळतील, जमिनीला भाव येईल, भाड्याच्या खोल्या भरतील. पण तेवढ्यानं पुणं होत नाही.

फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. मर्सिडीज त्याच्याही आधी, १९९०च्या दशकात आली आणि तिच्या सुरुवातीच्या गाड्या टेल्कोच्या (म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरीतल्या आवारातच जोडल्या गेल्या. म्हणजे पाहुणे आले तेव्हा घर मांडलेलं होतं. १८५४ पासूनचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज, किर्लोस्करांची इंजिनं, बजाज, १९६६ मध्ये स्थापन झालेली, वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवून हात बसलेली आमच्यासारखी वर्कशॉपं.

तो बसलेला हातच कामाला येतो. बाहेरची कंपनी ड्रॉइंग देते आणि म्हणते, जसंच्या तसं करा. आम्हीही वर्षानुवर्षं तसंच केलं, मशीनच्या तासाचा दर घेतला, विषय संपला. मग एका परदेशी कंपनीच्या फिक्श्चरवर अडचण आली. वेल्डिंग झालं की जॉब, म्हणजे जोडलेला भाग, आकसायचा आणि फिक्श्चरच्या पिनांवर घट्ट बसायचा. ऑपरेटर दर वेळी हातोडीनं ठोकून काढायचा, त्यात माप बिघडायचं. आमचा फिटर, आयटीआय झालेला मुलगा, दोन दिवस लाइनवर उभा राहून बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं लिव्हर दाबला की खाली जाणारी पिन करून दिली. जॉब हातानं उचलता येऊ लागला. त्यांच्या इंजिनिअरनं आधी हरकत घेतली, मग मापं पाहिली आणि ड्रॉइंग बदललं. पुढच्या लाइनचं डिझाइनच त्यांनी आमच्याकडे मागितलं. दर दुप्पट झाला नाही, पण घासाघीस थांबली, आणि त्या कामावर मी दोन डिझायनर ठेवले. गुंतवणुकीचा फायदा भागात मुरतो तो असा.

आणि कंपन्या कायमच्या नसतात, हेही धरून चाला. तळेगावात जनरल मोटर्सचं उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबलं, पुढे तो कारखाना ह्युंदाईनं घेतला. अशा वेळी ज्याच्याकडे स्वतःचं डिझाइन आहे त्याला दुसरं गिऱ्हाईक शोधता येतं. फक्त मशीनचा तास विकणाऱ्याला फार जड जातं.

म्हणून कारखान्याचं भूमिपूजन होईपर्यंत थांबू नका. तुमच्या आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा, म्हणजे साचे आणि फिक्श्चर बनवायला शिकवणारा ट्रेड आहे का, शिकवायला माणूस आहे का, ते आत्ताच पाहा. सूक्ष्म मापं तपासायचं सीएमएम मशीन जवळपास नसेल तर चार वर्कशॉपवाल्यांनी मिळून घ्यावं. कंपनीच्या लोकांशी बोलणी होतील तेव्हा रोजगाराच्या आकड्याबरोबर आणखी एक विचारा: डिझाइन आणि चाचणीचं काम इथं किती करणार?