6,400 चे 7,997 झाले, म्हणजे वाढले का?

ताई, तुमचा प्रश्न असा होता: कॅनडा चाइल्ड बेनिफिट (मुलांच्या खर्चासाठी तिथलं सरकार दरमहा देतं ते पैसे) 2016 साली सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला जास्तीत जास्त 6,400 डॉलर होतं, जुलै 2025 पासून 7,997 झालं. दरवर्षी वाढतंय, तर फेब्रुवारी 2026 मध्ये कॅनडात पोचल्यावर दोघा मुलांचे (वय 4 आणि 8) पैसे घरभाड्यात धरून पुढची पाच वर्षं आखली तर चालेल का? मी सध्या सुट्टीला मुलुंडला आईकडे आलोय, दुपारी सगळे झोपलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी इथलीच एक गोष्ट. काल आईचं कपाट आवरताना आप्पांची 2001 सालची सॅलरी स्लिप सापडली. डॉट मॅट्रिक्सची पुसट शाई, कडेला भोकं. त्यात एक ओळ होती: चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स, 200. मी आणि धाकटा भाऊ, डोई शंभर. करातून सूट दोन मुलांपर्यंत आणि तेवढ्याच रकमेला. मी 2017 च्या सुरुवातीला मुंबई सोडून कॅनडाला गेलो, तेव्हा माझ्या स्लिपवरही मुलीपोटी शंभरच रुपये होते. गंमत म्हणजे घर विकल्यावरचा नफा मोजायला आयकर खातं जो महागाईचा निर्देशांक वापरायचं, तो 2001-02 ला 100 होता आणि 2016-17 ला 264. म्हणजे घर विकणाऱ्याची महागाई खात्याला दिसत होती, शाळेची फी भरणाऱ्याची नाही.

कॅनडात असं होत नाही, हे आधी कबूल करतो. तिथली रक्कम 2018 पासून दर जुलैला महागाईप्रमाणे वाढते. पण पहिली दोन वर्षं ती 6,400 वरच थांबली होती. त्या काळात भाव जवळजवळ 4 टक्के चढले आणि जुलै 2018 ला वाढ मिळाली दीड टक्का, म्हणजे 6,496. ती राहिलेली तूट पुढे कुणी भरून काढली नाही. तिथला ग्राहक किंमत निर्देशांक 2016 ला 128.4 होता, 2024 ला 160.9. या हिशोबाने 6,400 चे 2024 मध्ये साधारण 8,020 व्हायला हवे होते. जुलै 2024 पासून प्रत्यक्षात मिळाले 7,787. शिवाय जुलैची वाढ ठरते ती आदल्या सप्टेंबरपर्यंतच्या महागाईवर, त्यामुळे भाव भडकले की पैसे मागून रखडत येतात. थोडक्यात, तुम्हाला जी वाढ दिसते ती भाववाढीची भरपाई आहे, आणि तीही थोडी अपुरी.

आता दुसरी मोजपट्टी, मधल्या कुटुंबाच्या कमाईची. कर वजा जाता मध्यम उत्पन्न (यात एकटे राहणारेही धरलेत) 2016 ला 57,000 डॉलर होतं, 2022 ला 70,500. त्याच्या तुलनेत एका लहान मुलाची कमाल रक्कम 2016 ला 11 टक्क्यांच्या किंचित वर होती, 2022 ला 10 टक्क्यांच्या किंचित खाली आली. सरकार भाववाढीशी बरोबरी करतं, शेजाऱ्याच्या पगाराशी नाही. आणि भाडं मागणारा घरमालक शेजाऱ्याच्या पगाराकडे बघूनच आकडा सांगतो, हे मुलुंडला काय आणि कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला काय, सारखंच.

पण तुमच्या बाबतीत याहून मोठी गोम वेगळीच आहे, आणि मी तिथेच आपटलो होतो. हे पैसे आदल्या वर्षाच्या कौटुंबिक उत्पन्नावर ठरतात, आणि पोचण्याआधीची भारतातली कमाईही डॉलरमध्ये करून कळवावी लागते. समजा तुमचं दोघांचं मिळून 24 लाख आहे. डॉलरला 62 रुपये धरले तर झाले 38,700 च्या आसपास. जुलै 2025 च्या दराने 37,487 पर्यंत पूर्ण रक्कम मिळते, म्हणजे तुम्ही जेमतेम वर. दोन मुलांचे 7,997 अधिक 6,748 मिळून 14,745 होतात, त्यातले नगण्य कापून महिन्याला 1,215 डॉलर येतील. बरं वाटेल. जून 2026 पर्यंतचे हप्ते 2024 च्या कमाईवर, त्यापुढचं वर्षभर 2025 च्या कमाईवर, आणि ही दोन्ही वर्षं मुंबईची. मग जुलै 2027 ला 2026 ची कॅनडातली कमाई मोजायला घेतील. ती दोघांची मिळून 1,10,000 झाली असेल, तर याच दराने रक्कम महिना 600 वर येते. चक्क निम्मी. त्याच सुमाराला धाकटं सहा पूर्ण करेल. मग त्याला सहानंतरचा दर लागेल आणि महिन्याला आणखी 104 जातील.

माझे जुलै 2018 मध्ये 533 वरून 318 झाले. मी तावातावाने हेल्पलाइनला फोन लावला, पाऊण तास संगीत ऐकलं, आणि पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की सर, तुमचा पगार वाढलाय. भाडं मात्र मी 533 धरून ठरवलेलं. पुढचे सहा महिने बायको आणि मी रविवारी बाहेर जेवायला गेलो नाही.

तेव्हा घर निवडताना 600 सुद्धा धरू नका, 500 धरा. वर येतील ते दीड वर्ष वेगळे ठेवा. पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन जाताय म्हणून लगेच अर्ज करता येईल. वर्क परमिटवर गेलेल्यांना आधी 18 महिने राहावं लागतं. अर्ज तुमच्या नावाने करा, कारण मूल सांभाळणारी म्हणून तिथे पहिलं नाव आईचंच धरतात. आणि टॅक्स रिटर्न दोघांनीही दरवर्षी भरायचं, एकाची कमाई शून्य असली तरी, नाहीतर हप्ता थांबतो.

हो, फॉर्म 16 वर भागणार नाही. त्यांना जानेवारी ते डिसेंबर लागतं, आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. जानेवारी 2024 पासूनच्या सगळ्या सॅलरी स्लिपा निघण्याआधी ऑफिसातून काढून घ्या. नोकरी सोडल्यावर ऑफिसचा लॉगिन बंद होतो.