तुमचे प्रश्न : ट्रेकच्या सॅकमधला हॅम सेट

प्रश्न : नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करायचा आहे. गटातल्या दोघांकडे हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना आहे. पाच वॅटचा हँडसेट घेतला, तर मोबाइलची रेंज गेल्यावर कुठूनही मदत मागता येईल का? (ठाणे)

उत्तर : कुठूनही नाही, आणि नळीत, म्हणजे त्या अरुंद घळीत, तर जवळजवळ नाहीच. १४५ मेगाहर्ट्‌झच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात; मध्ये डोंगर आला की संपलं. वॅट वाढवून तो डोंगर हटत नाही. उंचीवर गेलात तर मात्र चित्र पालटतं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा, क्षितिजापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. कोकणकड्याची कोकणापासूनची उंची १००० मीटर धरली तरी हे अंतर १३० किलोमीटर भरतं, आणि कल्याण तिथून हवाई मार्गाने सुमारे ७० किलोमीटरवर आहे. म्हणजे कड्यावरून एका वॅटवरही बोलणं व्हायला हरकत नाही. तोच सेट नळीत, दोन्ही बाजूंना कातळ असताना, हाकेच्या पलीकडे फारसा उपयोगी पडत नाही.

म्हणून निघण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, ऐकणारा माणूस. कल्याण-मुरबाडकडचा, छतावर अँटेना असलेला एखादा हॅम गाठा. फ्रिक्वेन्सी आणि वेळा ठरवा; दर तासाची पहिली पाच मिनिटं ठेवली तर लक्षात राहतात. (अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी सकाळी सातपासून दर तीन तासांची पद्धत पाडली आहे. आपल्या एका दिवसाच्या ट्रेकला तीन तास फार होतात.) दुसरी, दोन सेट एकत्र ठेवू नका. एक आघाडीला, एक पिछाडीला. नळीत कुणी अडकलं, तर वर उघड्यावर पोहोचलेला माणूस निरोप पुढे देऊ शकतो.

आवाज तुटत असेल तर एक-दोन पावलं इकडेतिकडे सरका. कड्यावरून परतणाऱ्या लहरी एका जागी एकमेकींना मारतात आणि अर्ध्या-एक मीटरवर पुन्हा जुळतात.

प्रश्न : माझा बाओफेंग यूव्ही-५आर आहे. गडावर रिपीटर (आपला आवाज पकडून दूरवर पुन्हा पाठवणारं केंद्र) स्वच्छ ऐकू येतो, पण माझा आवाज त्यात जात नाही. अँटेना बदलू का? (पुणे)

उत्तर : आधी मेनू बघा. टोन (आवाजासोबत जाणारा खुणेचा सूर) नसला की रिपीटर तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाही; तो मेनू १३ मध्ये (टी-सीटीसीएस) भरा. मग २५ मध्ये शिफ्टची दिशा (ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीच्या वर बोलायचं की खाली) आणि २६ मध्ये ऑफसेट (त्या दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर); दोन मीटरच्या, म्हणजे १४५ च्या आसपासच्या बँडवर तो बहुधा ००.६०० असतो. मेनू २ मध्ये पॉवर ‘हाय’ आहे ना, तेही पाहा. मेनू ११ (आर-सीटीसीएस) बंदच ठेवा. तिथे टोन भरलात, तर टोन न लावता हाक मारणारा माणूस तुम्हाला ऐकूच येणार नाही. हे सगळं घरी कॉम्प्युटरवरून ‘चिर्प’ या प्रोग्रॅमने भरा आणि कुणाशी तरी बोलून खात्री करा. गडावर, भिजल्या बोटांनी मेनू चाळणं जमत नाही.

एवढं करूनही आवाज कमी पडला, तर अँटेनाला ‘शेपटी’ लावा. सेटसोबतची रबरी अँटेना आखूड असते आणि तिला खालून आधार लागतो. एरवी तो तुमच्या हातातून, कसाबसा मिळतो. ४९ सेंटिमीटर लवचीक वायर घ्या, एका टोकाला ६ मिलिमीटरचा पातळ रिंग लग (कडीसारखं धातूचं टोक) दाबून बसवा. अँटेना काढा, लग सेट आणि अँटेनाच्या मध्ये, जोडाभोवती बसवा, अँटेना परत घट्ट फिरवा. लग मधल्या पिनला टेकता कामा नये. तो जाड असेल तर अँटेना पूर्ण बसत नाही आणि असलेलंही जातं. वायर सरळ खाली लोंबू द्या. सेटच्या दुसऱ्या बँडवर, ४३५ मेगाहर्ट्‌झला हीच लांबी पाऊण तरंगलांबीची होते, त्यामुळे तिथेही चालते. ढग गडगडत असतील तर मात्र हा खटाटोप सोडा आणि आधी धारेवरून खाली उतरा.

प्रश्न : दोन दिवसांच्या ट्रेकला एक बॅटरी पुरेल का? (नाशिक)

उत्तर : १८०० एमएएचची बॅटरी नुसतं ऐकायला बरीच टिकते, पाच वॅटवर बोलताना मात्र सेट दीड अँपियरच्या आसपास ओढतो. एक वॅटवर बोला. समोरच्याच्या सिग्नल-मीटरवर फरक जेमतेम एका घराचा पडतो. मेनू ७ मधलं दोन फ्रिक्वेन्सी ऐकणं बंद करा आणि ठरल्या वेळीच सेट चालू करा.

बॅटरी संपते ती बहुतेक वेळा सॅकमध्ये. ‘#’ दाबून धरल्यावर कीपॅड लॉक होतो, बोलायचं बटण होत नाही. ते डब्याखाली दाबलं गेलं की सेट गपचूप प्रक्षेपण करत राहतो आणि रिपीटरही अडवतो. मेनू ९ मध्ये ६० सेकंदांची मर्यादा लावा आणि सॅकमध्ये ठेवताना बॅटरी सेटपासून वेगळी करा. पावसात दोन्ही झिपच्या पिशवीत.

प्रश्न : परवाना नाही. फक्त अडचणीच्या वेळीच वापरणार असू, तर सेट नेला तर चालेल? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. परवान्याशिवाय असा सेट जवळ बाळगणंही बेकायदा आहे. बारा वर्षांपुढच्या कुणालाही दूरसंचार खात्याची परीक्षा देता येते, आणि ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्सही लागत नाही. तोवर गटातल्या गटात बोलायला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचे अर्ध्या वॅटचे, मान्यता असलेले वॉकीटॉकी घ्या. त्यांना परवाना लागत नाही. हॅम सेट त्या फ्रिक्वेन्सीवर लावून वापरणं यात बसत नाही. परदेशातून आणलेला सॅटेलाइट मेसेंजरही परवानगीशिवाय नेऊ नका. भारतात त्यावरून विमानतळावर पोलीस केस झालेल्या आहेत.

प्रश्न : संपर्क झाला, तर नेमकं काय सांगायचं? (चिपळूण)

उत्तर : बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. सेट तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरवर, अँटेना उभी. ‘इमर्जन्सी’, कॉल साइन (परवान्यावरचं तुमचं ओळख-नाव), मग जागा: आधी ओळखीची खूण, नंतर मोबाइलच्या जीपीएसवरचे आकडे एकेक करून, ‘एक नऊ दशांश तीन नऊ’ असे. पुढे जखमी किती, काय झालंय, चालता येतं का, सोबत किती जण, बॅटरी किती, पुन्हा कधी बोलणार. समोरच्याला सगळं लिहून घेऊन परत वाचायला लावा. ११२ ला आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या हेल्पलाइनला फोन तोच करणार आहे, तेव्हा ते नंबर निघण्याआधीच त्याच्याकडे देऊन ठेवा.