कालवांची पैदास: नर-माद्या किती घ्यायच्या, कशा निवडायच्या

प्रश्न (बेलापूर परिसरातील मत्स्यपालक गट): दोरीवरची सगळ्यांत मोठी दहा-बारा कालवं निवडून हॅचरीत (अंडी उबवण्याच्या केंद्रात) बी, म्हणजे कालवाची पिल्लं, काढलं, तर पुढची पिढी लवकर वाढेल का? ट्रिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेलं) बी आम्हाला करता येईल का?

उत्तर: निवडीने वाढ नक्की सुधारते, पण दहा-बारा नगांत ते भागणार नाही. दोरीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या कालवाला खाणं जास्त मिळतं, म्हणून ते मोठं दिसतं. त्यात वंशाचा वाटा थोडाच. त्यामुळे एकाच वेळी चिकटलेल्या, एकाच खोलीवर, सारख्या दाटीत वाढलेल्या कालवांतूनच निवडा. निवडलेली सरासरीपेक्षा २० ग्रॅमने भारी असतील आणि आनुवंशिकता (फरकातला वंशाने उतरणारा वाटा) ०.२५ धरली, तर पिल्लांत ५ ग्रॅमच उतरतात. शिवाय कालव लहानपणी बहुधा नर असतं, मोठेपणी बरीचशी मादी होतात. नुसती मोठी उचललीत तर नर दोन-तीनच हाती लागतील.

खरं नुकसान तिथेच होतं. २ नर आणि २० माद्या असल्या, तरी हिशेबाने ती जेमतेम ७ जनावरांची पैदास ठरते आणि अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातली पैदास) एका पिढीत सुमारे ७ टक्क्यांनी वाढतं. २५ नर आणि २५ माद्या घेतल्या तर १ टक्क्याने. एक मादी लाखो अंडी देते, दोन जोड्यांतही टाकी भरते. म्हणून नर कमी पडल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या पिढ्यांत अळ्यांची मर आणि खुरटी वाढ दिसू लागते.

नर-मादी ओळखायला शिंपला उघडून पोटावरच्या मलईसारख्या भागाचा थेंब काचपट्टीवर घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी सुटी, दाणेदार दिसतात. वीर्य दुधाळ, ढगासारखं. प्रत्येक कालवाला स्वच्छ धुतलेली सुरी वापरा, नाहीतर पात्यावरच्या वीर्याने नको तिथे फलन होतं. अंडी ८०-९० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून २० मायक्रॉनच्या जाळीवर धरा आणि गाळलेल्या समुद्राच्या पाण्याने धुवा.

सगळ्या नरांचं वीर्य एका बादलीत कधीही ओतू नका. ज्याचं जोरकस, तेच बहुतेक अंडी फळवतं. २५ नर वापरूनही बाप मोजकेच उरतात. एका भांड्यात एक नर, एक मादी. अंड्याभोवती ५ ते १० शुक्राणू दिसतील इतकंच वीर्य घाला. जास्त झालं तर एकाच अंड्यात अनेक शिरतात आणि गर्भ बिघडून मरतो. २४ तासांनी डी अक्षराच्या आकाराच्या अळ्या मोजा आणि प्रत्येक जोडीच्या सारख्या संख्येने एकत्र करा.

ट्रिप्लॉइडच्या वाटेला गटाने जाऊ नये. त्यासाठीचं सायटोकॅलेसिन-बी हे रसायन विषारी आहे, वेळ मिनिटांत साधावी लागते आणि अळ्यांची मर मोठी होते. ट्रिप्लॉइड जवळपास वांझ असल्याने त्यातून पुढची निवडही होत नाही.

ठाणे खाडीत शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी येतं, आणि कालव पाणी गाळूनच खातं. त्यामुळे इथली कालवं खाण्यासाठी विकू नका. २०१५ पासूनच्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीतून पैदाशीची कालवं काढायची तर वनविभागाची परवानगी लागते. पावसाळ्यात पाण्याचा खारेपणा उतरतो, म्हणून पैदास त्याआधी उरका.

निवडलेल्या बियाच्या दोरीशेजारी, न निवडता उचललेल्या तितक्याच नर-माद्यांच्या बियाची एक दोरी लावा. दर महिन्याला दोन्हींवरची ३० कालवं तोला. ही न निवडलेली दोरी नसेल तर वाढ निवडीमुळे झाली की पाण्यामुळे, ते सांगता येणार नाही.