मे महिन्यात विदर्भातल्या खेड्यात लग्नाला जायचंय, कपडे आणि चपला कशा घ्याव्यात?

मुंबईहून मेच्या शेवटी यवतमाळकडच्या गावात लग्न, चार दिवस मोटारसायकलवर फिरणं आणि एक दिवस शेगाव, असं तुम्ही लिहिलंय. बॅगेत टाकलेले बर्मुडे आणि बिनबाह्यांचे टी-शर्ट आधी बाहेर काढा. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून उघड्या अंगाला बरं वाटतं. इथे विदर्भात हवा कोरडी असते आणि पारा 44-45 अंशांवर जातो. कातडीचं तापमान 34-35 च्या आसपास, म्हणजे दुपारचा वारा अंगाला गारवा देत नाही, उलट तापवतो, आणि गाडीवर तर फारच. इथे अंग झाकायचं, फक्त सैल कपड्यानं.

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट एक नंबर मोठा घ्या. कापड उजेडासमोर धरून बघा: उजेड झिरपावा, पण पलीकडची बोटं मोजता येऊ नयेत. नुसत्या मलमलीतून खांदे भाजतात. हातमागाची खादी सगळ्यात बरी, तिच्या विणीतून हवा खेळते. तिला कांजी मात्र करू नका, विणीतली भोकं बुजतात आणि कापड घाम शोषत नाही. जीन्स जाड, लवकर वाळत नाही, आणि मांड्यांमधली शिवण घासून सोलवटते. तीन जोड पुरतात, इथल्या उन्हात सुती शर्ट तास-दीड तासात वाळतो. रंग फिकटच. ताडोबा जोडणार असाल तर त्या दिवसापुरता मातकट किंवा खाकी.

टोपीपेक्षा दुपट्टा घ्या, पांढरा सुती, दोनेक मीटर लांब. बाजाराच्या कोणत्याही गावात मिळतो. टोपीत कान आणि मान उघडीच राहतात. दुपट्टा डोक्यावरून घेऊन कान, मान आणि नाक झाकून गाठ मारायची आणि वरून हेल्मेट. निघताना ओला करून पिळून बांधला तर कोरड्या हवेत तो कूलरच्या ताटीसारखं काम करतो. मात्र लवकर सुकतो, म्हणून पाण्याची बाटली हाताशी ठेवा. खिशात कांदा ठेवा असं गावात कुणीतरी सांगेलच. ठेवा, बिघडत काही नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी 12 ते 4 बाहेर पडू नका.

खरी फजिती पायांची होते. फोमची चप्पल इथे दोन कारणांनी निकामी. उन्हात अंगणात राहिली की आकसते, वाकडी होते. आणि शेतात तुरीची, पऱ्हाटीची (कपाशीची) धसकटं उभी असतात, शिवाय सराटे आणि बाभळीचे काटे. मऊ तळातून ते आरपार जातात. तळ टणक रबराचा हवा, अंगठ्यानं जोरात दाबलं तरी खड्डा पडू नये असा. नुसता चिकटवलेला सोल तापल्या डांबरावर सोल्युशन मऊ होऊन पुढच्या टोकाकडून उघडतो, म्हणून निघण्याआधी मोच्याकडून कडेनं शिलाई मारून घ्या. बूट वर्षानुवर्षं कपाटात पडून असतील तर त्यांचा फोमचा तळ अंगठ्यानं खरवडून पाहा. भुगा निघाला तर वाटेत फुटणारच.

गाडीवर फिकट रंगाचे कॅनव्हासचे बूट घाला. इंजिनची झळ आणि गरम वारा उघड्या पावलांनाच आधी लागतो. गावात चामड्याची जाड तळाची चप्पल किंवा सँडल. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, तेव्हा खरेदी संध्याकाळी करा आणि बोटांपुढे अर्धा इंच जागा ठेवा. मोजे सुती, दिवसाला दोन जोड, कारण ओल्या मोज्यात टाचेला फोड येतात.

शेगावला किंवा वाटेतल्या एखाद्या देवळात चपला काढून उन्हातल्या फरशीवरून जावं लागलं तर जाड सुती मोजे कामी येतात. ते खिशातच ठेवा. चपला सावलीत काढा.

मुक्काम लांबून मृगाचा पाऊस लागलाच, तर खोल खाचांचे बूट आत ठेवून द्या. काळी माती खाचांत भरून पाय उचलवेनासा होतो. तेव्हा सपाट तळाची रबरी चप्पल बरी, काडीनं खरवडली की मोकळी.