वाचकांचे प्रश्न : आगमनकाळाचे चार आठवडे

आगमनकाळ दर वर्षी वेगळ्या तारखेला का सुरू होतो? – एक वाचक, वसई

आगमनकाळ (अ‍ॅडव्हेंट) म्हणजे नाताळची वाट पाहण्याचे आठवडे. तारीख बदलते, कारण त्यांची मोजणी नाताळपासून मागे होते. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार धरायचे, त्यातला पहिला तो आरंभ. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, २९ नोव्हेंबरला आहे. २०२३ मध्ये तो ३ डिसेंबरला होता, त्यामुळे चौथा रविवार थेट २४ तारखेला आला.

घरी चार मेणबत्त्यांचा अ‍ॅडव्हेंट रीथ करायचा आहे. मागच्या वर्षी पानं चार दिवसांत वाळली आणि मेणबत्त्या कलंडल्या. – एक वाचक, पुणे

रीथ म्हणजे हिरव्या पानांचं गोल कडं; पहिल्या रविवारपासून त्यातली एक मेणबत्ती लावायची आणि पुढच्या दर रविवारी आणखी एक. बारा इंची स्टीलच्या ताटाच्या कडेने ओल्या शाडूचा दीड इंच जाड पट्टा थापा. मेणबत्ती त्यात इंचभर खोल रोवा. शाडू सुकताना आकसतो आणि मेणबत्ती सैल होते. कलंडण्याचं कारण बहुतेक हेच. एक दिवसाआड पाण्याचा हात फिरवला की पकड टिकते. पानं आंब्याची किंवा फणसाची घ्या, देठ त्याच ओल्या मातीत खोचा आणि दर शनिवारी बदला. सुरूच्या फांद्या दिसतात छान, पण वाळल्या की भुर्रकन पेटतात. थर्माकोल आणि प्लॅस्टिकची पानं नकोतच.

मेणबत्ती इंचभर जाड, आठ इंच उंच हवी. रोज संध्याकाळी दहा मिनिटं धरली तर यंदा पहिली २६ दिवसांत ४ तास २० मिनिटं जळेल, दुसरी ३ तास १० मिनिटं, तिसरी २ तास, चौथी जेमतेम ५० मिनिटं. या जाडीची मेणबत्ती साधारण तासाला इंचभर उतरते. म्हणजे शेवटी पहिलीची ज्योत मातीपासून अडीच-तीन इंचांवर येते. तिच्याभोवतीची पानं आखूड कापा. तीन इंच जाडीची मेणबत्ती घेऊ नका. दहा मिनिटांत तिचं मेण फक्त मधे वितळतं, खड्डा पडतो आणि वात बुडते. पंखा बंद ठेवा, लावण्याआधी वात पाव इंचावर कापा.

तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. रंगीत मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांच्या बुडाशी रंगीत कागदाची अरुंद पट्टी चिकटवा आणि पहिलीची पट्टी मातीलगतच ठेवा. चोवीस तारखेला चारही मेणबत्त्या पायऱ्यांसारख्या उतरत्या दिसतात. किती वाट पाहिली ते डोळ्यांना दिसतं, म्हणून मधेच नव्या लावू नका. रीथची प्रथा १८३९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न यांनी निराधार मुलांसाठी सुरू केली. नाताळ कधी, हा मुलांचा रोजचा प्रश्न होता.

वडील सप्टेंबरात गेले. यंदा नाताळ करणार नाही. मग आगमनकाळ पाळावा का? – एक वाचक, अहिल्यानगर

जरूर पाळा. हा सणाआधीचा सण नाही. कॅथलिक चर्चमध्ये या दिवसांत वस्त्रं जांभळी असतात, वेदीवर फुलं मोजकी, रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत. पण आलेलुया हा जयघोष चालू राहतो. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, तोही थांबतो. दुःख आणि आशा इथे एकाच उपासनेत शेजारी बसतात. रोषणाई, फराळ, पाहुणे सगळं बाजूला ठेवा. संध्याकाळी एक मेणबत्ती आणि बायबलमधलं १३० वं स्तोत्र पुरेसं आहे. त्यात पहारेकरी पहाटेची वाट पाहतात. रात्र संपलेली नसते, पण पहाट होणार हे त्यांना ठाऊक असतं. रडू आलं तर वाचन तिथेच थांबवा, उद्या पुढे वाचा.

मुलांना एक डिसेंबरलाच सगळं सजवायचं असतं. – एक वाचक, मडगाव

येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडू द्या, पण गव्हाण रिकामी ठेवा. बाळ येशू २४ च्या रात्री, तीन राजे ६ जानेवारीच्या सुमारास. मुलांच्या हाताला काम हवं, तर नाचणी पेरायला द्या. गोव्यात गोठ्यासाठी ही हिरवळ करतातच. तिसऱ्या रविवारी, म्हणजे यंदा १३ डिसेंबरला, रात्रभर भिजवलेली नाचणी पसरट थाळीत दोन बोटं मातीवर दाट पेरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. अंकुर दिसेपर्यंत ओलं फडकं झाका, मग उजेडात ठेवा. अंधारात रोपं पिवळी पडून आडवी होतात. पाणी ओतू नका, शिंपडा. थाळीत पाणी साचलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी बुरशी येते, आणि मग पुन्हा पेरायला वेळ उरत नाही.